पहाटे साडेचारला उठणाऱ्या कुत्र्याला सहापर्यंत झोपवायचं कसं?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. कुत्रा गावठी आणि लॅब्रॅडॉर मिश्र, नर, साडेतीन वर्षांचा, वजन 24 किलो. घर गुहागर तालुक्यात, कौलारू, पुढे पडवी, भोवती चिऱ्याचा गडगा. कुत्रा पडवीत जमिनीवर गोणपाट टाकून झोपतो. पडवीला दोन बाजूंनी जाळी आणि पुढे अर्ध्या उंचीचं लाकडी दार.

पावसाळा संपल्यापासून रोज पहाटे साडेचार ते पावणेपाचला उठतो. आधी माजघराचं दार नखांनी खरवडतो, मग कुईकुई, मग भुंकणं. वडील उठून भाकरीचा तुकडा नाहीतर बिस्किटं टाकतात. तेवढ्यापुरता गप्प बसतो, पंधरा मिनिटांनी परत सुरू.

जेवण सकाळी सहाला भाकरी-दूध, संध्याकाळी सातला पेजेसारखा मऊ भात आणि वर सुकट किंवा खाऱ्या बांगड्याचा तुकडा. रात्री नऊला अंगणात सोडतो आणि दार लावतो. फिरायला नेणं फक्त सकाळी. लस आणि जंताचं औषध वेळच्या वेळी. सहा-सव्वासहापर्यंत झोपला तरी चालेल. शेजारी तान्हं बाळ आहे, त्यामुळे "भुंकू दे, आपोआप गप्प होईल" हा सल्ला कृपया नको.

जांभा:
माहिती नीट दिलीत, बरं झालं. कुत्र्याला जाग कशाने येते हा एक प्रश्न आणि जाग आल्यावर तो परत का झोपत नाही हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: बिस्किट. पहिल्याचं शोधावं लागेल, कारण कारण न काढता नुसतं बिस्किट बंद केलंत तर फक्त आरडाओरडा वाढेल.

उजेड आत्ताच यादीतून काढून टाका. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, फटफटायला साडेसहा होतात. साडेचारला मिट्ट काळोख असतो. मे महिन्यात मात्र सहालाच सूर्य वर येतो आणि पावणेसहाच्या आधीच बाहेर दिसायला लागतं, तेव्हा उजेडाचा विचार करावा लागेल. छपरात काचेचं कौल असेल तर ते नेमकं कुत्र्याच्या जागेवर नाही ना, एवढं तेव्हा बघा. असेल तर आतून पुठ्ठा लावून रिपांना चुका मारायच्या. वर चढून कौलं हलवायच्या भानगडीत पडू नका, पावसात गळती लागते. पडवीच्या जाळीला आंबेवाल्यांकडची 90 टक्के सावलीची हिरवी शेडनेट दुहेरी बांधली की पुरेसा अंधार होतो आणि वारंही पूर्ण अडत नाही.

आता मुख्य काम. जुना मोबाइल चार्जिंगला लावून पडवीच्या कोपऱ्यात ठेवा आणि चार-पाच रात्री पहाटे चार ते पाचचं चित्रीकरण करा. पाहायचं ते उठल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. कुत्रा उठून अंग झाडून थेट दाराशी आला आणि सोडल्याबरोबर लांबलचक मुतला, तर मूत्राशय भरलेलं. मुतायची घाई नाही, भांडं चाटतोय, वडिलांच्या खोलीकडे तोंड करून बसलाय, तर खाणं. आधी कान टवकारले, मान एका दिशेला वळली आणि मग उठला, तर आवाज. अंगाचं मुटकुळं करून जागा बदलतोय, दोनदा-तीनदा गोल फिरून परत बसतोय, तर थंडी. पाय चाटणं, कान झाडणं, मागच्या पायाने बरगडी खाजवणं दिसलं तर गोचीड किंवा कातडीचा त्रास. पावसाळ्यानंतर हे फार असतं. कानाच्या आतली घडी, पंजाच्या बोटांमधल्या फटी आणि शेपटीखाली बोटं फिरवून बघा, मसुराएवढा फुगीर दाणा लागला तर तो गोचीड.

बहुतेक वेळा यातली दोन कारणं एकत्र असतात. एकाने जाग येते, दुसऱ्यामुळे उठून बसतो.

सोलकढी:
मला तर संध्याकाळच्या ताटातच गडबड दिसते. पेजभातात पाणीच पाणी, वर खारा मासा. सातला हे पोटात गेलं की नऊ-दहापर्यंत तहान लागते, भांडंभर पाणी पितो, आणि ते सगळं पहाटे चारला खाली येतं. तुम्ही बाहेर सोडता नऊला, म्हणजे बरंचसं पाणी तो मुतून आल्यानंतर पितो. सुकट धुतली, भिजवली तरी मीठ पूर्ण जात नाही.

बदल असा करा. संध्याकाळच्या भाताचं पाणी निथळून काढा, दाणा मऊ पण मोकळा हवा. सुकट, खारा बांगडा, सुके बोंबील, कालवणाचा रस्सा बंद. त्याऐवजी बिनमिठाचा उकडलेला ताजा मासा काटे काढून, किंवा उकडलेलं अंडं, किंवा चिकनचे बिनहाडाचे तुकडे. रस्सा तसाही नकोच, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. पेज घालायचीच असेल तर सकाळी घाला, दिवसभर मुतायला मोकळीक असते.

पाणी मात्र रात्री काढून घेऊ नका. बरेच जण हा उपाय सांगतात, तो चुकीचा आहे. तहानलेला कुत्रा झोपत नाही, आणि ज्याला खरोखर आजारामुळे तहान लागतेय त्याच्या जिवावर बेतू शकतं. खारट बंद केलं की पिणं आपोआप खाली येतं.

पिणं मोजून बघा. सकाळी सातला भांड्यात दोन लिटर मोजून ओता, संपत आलं तर परत मोजून भर घाला, दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं मोजून वजा करा. विहिरीजवळची डोण आणि गुरांची बादली त्या दिवशी झाकून ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. 24 किलोच्या कुत्र्याला अन्नातलं धरून दिवसाला सव्वा ते दीड लिटर लागतं. किलोमागे 100 मिली, म्हणजे तुमच्याकडे 2.4 लिटर, याच्या वर रोज जात असेल तर प्रश्न झोपेचा नाही, डॉक्टरचा आहे.

गडग्यापलीकडे:
कुत्रो पाटे उठता तो भुकेन नाय, बाबा बिस्किट घेऊन उठतत म्हणान. आधी बिस्किटाचो डबो लपवा.

वरची वाडी:
वरच्यांशी सहमत, पण डबा लपवून एकदम काही न देणं तुमच्या घरी चालणार नाही. रोज मिळणारी गोष्ट अचानक थांबली की कुत्रा आधी जास्त जोर लावतो. चार-आठ दिवस भुंकणं वाढतं, आणि नेमकं त्यातल्या सहाव्या दिवशी शेजारी काही बोलले म्हणून कोणीतरी उठून बिस्किट टाकतो. मग कुत्रा एवढंच शिकतो की अर्धा तास भुंकायला लागतं. कधी मिळतं, कधी नाही, असं झालं की सवय आणखी घट्ट होते.

तान्हं बाळ शेजारी असेल तर उलट्या बाजूने जा: त्याच्या आधी तुम्ही उठा. तो 4:35 ला उठत असेल तर 4:20 चा गजर. गजर वाजता कामा नये, मोबाइल व्हायब्रेटवर उशीखाली. नाहीतर गजराचा आवाज हीच त्याची सकाळ होईल. उठलात की दिवा न लावता पट्टा अडकवा, ठरलेल्या एकाच जागी न्या, मुतू द्या, परत आणून जागेवर. बोलायचं नाही, गोंजारायचं नाही, खायला काही नाही. सगळं पाच-सात मिनिटांत. तो भुंकायच्या आत तुम्ही हजर असता, त्यामुळे भुंकून दार उघडतं हा संबंधच तुटतो.

तीन पहाटा शांत गेल्या की गजर 10 मिनिटं पुढे. परत तीन, परत 10 मिनिटं. 4:20 वरून 6:10 ला यायचं म्हणजे 110 मिनिटं, अकरा टप्पे, साधारण महिना. मध्ये कुठे तो गजराच्या आधीच उठला तर 15 मिनिटं मागे या आणि त्या टप्प्यावर पाच-सहा दिवस थांबा. घाई केली की इथेच गाडी अडते: 4:20 वरून एकदम 5 वर उडी मारतात, कुत्रा 4:40 ला भुंकतो, आणि सगळं पहिल्यापासून.

एक सावधगिरी. पहाटेच्या काळोखात अंगणात जाताना बॅटरी आणि बंद बूट हवेतच, चप्पल नको. फुरसं आपल्या कातळाच्या मुलखात भरपूर आहे, रात्री फिरतं आणि चिऱ्यांच्या फटीत, पाल्यापाचोळ्यात बसतं. कुत्र्याची मुतायची जागा गडग्याच्या कडेला न ठेवता मोकळ्या झाडलेल्या खळ्यात ठेवा. पट्टा दीड मीटरचा, लांब सोडू नका.

जांभा:
त्या पट्ट्यावरून आठवलं, अर्ध्या उंचीचं दार मला पटलेलं नाही. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य, आणि तीन-साडेतीन फुटांचं दार त्याला काहीच नाही. पहाटे रानडुक्कर, साळिंदर, कोल्हा गडग्यापर्यंत येऊन जातात ते वेगळंच. त्यांचा वास आला की कुठलाही कुत्रा झोपणार नाही. जमलं तर त्याला आत घ्या, ओटीवर किंवा माजघराच्या कोपऱ्यात. थंडी, आवाज, वास, तिन्ही एका झटक्यात कमी होतात. तेच जुनं गोणपाट न धुता आत आणा, म्हणजे जागा लवकर आपली वाटते.

आत घ्यायला घरचे तयार नसतील तर निदान जमीन सोडवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार ते सहा हीच सगळ्यात गार वेळ, आणि पडवीची कोबा किंवा शहाबादी फरशी तेव्हा बर्फ होते. आखूड केसांच्या कुत्र्याला पोटाखालून थंडी लागते, वरून पांघरूण घालून उपयोग नाही. दोन चिऱ्यांवर फळी टाकून वीतभर उंच करा, वर भाताचा पेंढा भरलेलं पोतं. पेंढा कोरडा हवा, दर पंधरवड्याला बदला, नाहीतर त्यात पिसवा होतात. फळी पागोळीच्या रेषेपासून दोन हात आत. थंडीत कौलावरचं दवसुद्धा तिथे टपकत असतं.

खाडीकाठ:
मोबाइल लावून पाहिलं. साडेचारच्या सुमारास रस्त्यावरून जेटीकडे जाणाऱ्या दुचाकी सुरू होतात. पहिल्या गाडीला कान उभे, मान वर. मग उठतो, अंग झाडतो आणि दाराशी. सोडल्यावर खरंच लांबलचक मुततो. पाणी मोजलं, पावणेदोन लिटर भरलं, सुकटीच्या दिवशी. खाजवणं नाही, पण मध्यरात्रीनंतर जागा मात्र बदलतो.

दोन शंका. गाड्यांचं काय करायचं, त्या तर थांबणार नाहीत. आणि संध्याकाळचं जेवण उशिरा दिलं तर तो भुकेने उठणार नाही, असं वडिलांचं म्हणणं आहे. मग जेवण रात्री दहाला द्यावं का?

सोलकढी:
दहाला पूर्ण जेवण नको. जेवणानंतर थोड्या वेळात कुत्र्याला शी लागते, रात्री उशिरा भरपेट घातलं तर ती पहाटेवर जाते. मोठं जेवण साडेसातच्या आत आणि रात्री सव्वादहाच्या सुमारास चार-पाच घास मोकळा भात नाहीतर अर्धी भाकरी कोरडी. हा भाग दिवसाच्या खाण्यातूनच कापायचा, वर वाढवायचा नाही. पहाटे पिवळा फेस ओकणाऱ्या कुत्र्यांना हे विशेष लागू पडतं. रिकाम्या पोटात पित्त येऊन मळमळतं आणि त्यानेच ती उठतात. तुमच्या कुत्र्याचं तसं दिसत नाही, तरी घास द्यायला हरकत नाही. त्यानंतर साडेदहाला शेवटचं बाहेर. नऊचं बाहेर सोडणं साडेदहावर गेलं एवढ्यानेच तुमचा दीड तास वाचतो.

सकाळचं सहाचं जेवणही पुढे ढकला, दर दोन दिवसांनी 10 मिनिटं, साडेसातपर्यंत. अठरा दिवस लागतील. उठल्याउठल्या भांडं समोर येणं बंद व्हायला हवं. उठणं, बाहेर जाणं, मग किमान अर्धा-पाऊण तास काहीच नाही, मग खाणं.

वरची वाडी:
गाड्यांच्या आवाजाला एकच इलाज, दुसरा आवाज. टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून रात्री झोपतानाच लावा, पहाटे नाही. थंडीत वारा कुत्र्याच्या अंगावर येता कामा नये. सतत घरघर चालू असली की पहिल्या गाडीचा आवाज एकदम टोचत नाही. वीज जाते तिथे हा उपाय लंगडा पडतो. पंखा बंद पडल्याची शांतताच त्याला उठवते. इन्व्हर्टरवर घेता आला तर बघा. कुत्र्याची जागा रस्त्याच्या बाजूच्या भिंतीपासून मागीलदाराकडे हलवलीत तरी बराच फरक पडेल.

संध्याकाळी फिरवायलाही सुरुवात करा. साडेपाच ते साडेसहा, तीस-चाळीस मिनिटं, पट्टा सैल, वास घेऊ द्यायचा. पळवून दमवण्यापेक्षा हुंगू दिलेला कुत्रा जास्त शांत झोपतो. चेंडूमागे अर्धा तास धावडवला तर रात्री उलट चेकाळलेला राहतो. किनाऱ्यावर नेत असाल तर गोडं पाणी बाटलीतून न्या. समुद्राचं पाणी प्यायला की जुलाब आणि रात्रभर तहान, म्हणजे सुकटीचंच काम परत.

दवाखाना रोड:
पावणेदोन लिटर म्हणजे किलोमागे 73 मिली, शिवाय अन्नातलं वेगळं. वाढलेलं आहे, धोक्याच्या रेषेखाली आहे. खारट पूर्ण बंद करून आठवड्याने परत मोजा. दीड लिटरच्या आत आलं तर विषय संपला. नाही आलं तर लघवीचा नमुना तपासून घ्या. सकाळच्या पहिल्या लघवीची मधली धार स्वच्छ उथळ डब्यात धरायची, झाकण लावायचं आणि दोन तासांच्या आत दवाखान्यात. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, पण गोठवायचा नाही.

न थांबता दवाखाना गाठावा अशी लक्षणं: लघवीला लाल झाक, थेंब थेंब मुतणं, पाय वर करून जोर लावूनही काही न येणं (नर कुत्र्यात ही तातडी समजा, रात्र असली तरी), खाणं तेच असून वजन उतरणं, झोपेतच अंथरूण ओलं होणं. वयस्कर कुत्रा अचानक पहाटे उठून भिंतीकडे बघत उभा राहायला लागला, दिवसा झोपून रात्री येरझाऱ्या घालायला लागला, तर तो म्हातारपणीचा मेंदूचा बदल असू शकतो, किंवा सांधे दुखत असतील. त्याला गजराची शिस्त लावत बसू नका.

पावसाळ्यात खाजेवर गोळ्या चालू होत्या का? त्यात स्टेरॉइड असेल, उदाहरणार्थ प्रेडनिसोलोन, तर तहान, भूक आणि लघवी तिन्ही वाढतात. पावसाळ्यानंतर सुरू झालं म्हणालात म्हणून विचारतो. चालू असतील तर मनाने बंद करू नका, एकदम तोडल्या तर शरीर कोलमडतं. डॉक्टरांना वेळ आणि मात्रा विचारा.

माणसांची झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, अंगदुखीची गोळी यातलं काहीही नको. आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं.

पोफळी:
इथेच विचारते. चार महिन्यांचं पिल्लू आहे, तेही साडेचारला उठतं. हेच सगळं करायचं का?

दवाखाना रोड:
नाही. पिल्लाचा ढोबळ हिशेब: जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास ते कसंबसं धरू शकतं. चार महिन्यांचं पाच तास. साडेअकराला बाहेर नेलंत तर साडेचारला उठणं हे अगदी वेळेवर आहे. उठा, न्या, गुपचूप परत झोपवा, खेळू नका. खाणं मात्र सकाळी ठरल्या वेळीच. सात-आठ महिन्यांचं झाल्यावर गजर पुढे सरकवायला घ्या.

खाडीकाठ:
गोळ्या चालू होत्या, ऑक्टोबरमध्येच संपल्या. आजपासून सुकट बंद, साडेदहाला बाहेर, फळी आणि पेंढा. वडिलांना सांगणं हेच अवघड काम आहे. रोज पहाटे त्याच्याशी बोलायची त्यांना सवय झाली आहे.

जांभा:
गोळ्या संपून इतके दिवस झाले म्हणजे त्यांचा परिणाम आता नसेल. पण तेव्हा रात्री बाहेर न्यावं लागत असणार, सवय तिथून लागली आणि बिस्किटाने टिकली, असं दिसतं.

वडिलांना बिस्किट बंद करायला सांगू नका, बिस्किटाची वेळ बदलून द्या. सकाळचं साडेसातचं भांडं त्यांच्या हातून, त्याआधी चार-पाच मिनिटं हवं तितकं बोलणं. पहाटेचा गजर मात्र दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचा. वडील दिसले की कुत्र्याला खाणं आठवणारच.

आणि सुरुवात आत्ताच करा. आंब्याला मोहोर आला की बागांमधून भल्या सकाळी फवारणीचे पंप सुरू होतात, पुढे माकडं हाकायचे फटाके. फाल्गुनात शिमग्याचे ढोल. त्याआधी महिना पुरा झाला तर सवय टिकते. मधल्या एखाद्या पालखीच्या रात्री तो जागलाच, तर दुसऱ्या दिवशी गजर आणि जेवणाच्या वेळा तशाच ठेवा, "रात्री झोपला नाही बिचारा" म्हणून दुपारी जास्त खायला घालू नका. मे महिन्यात मुंबईची मंडळी आली की पोरं पहाटे त्याला उठवणार आणि उशिरापर्यंत ताटातलं भरवणार. तेव्हा बिस्किटाचा डबा माळ्यावर आणि ओटीवर एक ओळ खडूने: कुत्र्याला रात्री सव्वादहानंतर काही घालू नये.